प्रयोगशाळेतील नासाडी : ती कोठे दडते आणि कशी थांबवावी



नासाडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सांडलेले दूध येते, ताटात टाकलेले अन्न येते, नाही तर रात्रभर उघडा राहिलेला नळ येतो. जी डोळ्यांना दिसते तीच नासाडी, अशी आपली समजूत असते. आज मी ज्या नासाडीविषयी बोलणार आहे ती बहुधा दिसत नाही. ती कामाच्या पोटात दडून बसलेली असते. ती ज्यांना रोज दिसते त्यांना कोणी विचारीत नाही, आणि जे तिच्याविषयी अहवाल लिहितात त्यांना ती दिसत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

प्रयोगशाळा नाना तऱ्हेच्या असतात. कॉलेजात असते, साखर कारखान्यात असते, दूध डेअरीत असते. मी मात्र अशी प्रयोगशाळा निवडली आहे की जिच्यापुढे ह्या मंडपातील बहुतेकांनी कधी ना कधी बाही वर करून हात पुढे केलेला आहे. रुग्णालयातील रक्त तपासण्याची प्रयोगशाळा. मी डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात आणि माणसांकडून. रुग्णालयातील कामगारांचे काम करता करता टेक्निशियन, परिचारिका, वॉर्डातील मामा आणि मावशी ह्यांनी मला हा विषय शिकविला. त्यांचे म्हणणे पुस्तकांशी ताडून पाहिले, आणि तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

'बचत' ह्या शब्दाचा इतिहास

कामगारापुढे 'बचत' किंवा 'कार्यक्षमता' असा शब्द काढला की तो प्रथम संशयाने पाहतो. ह्याला कारण आहे. १९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला. त्याच्या मुळाशी हाच शब्द होता. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावे, कातण्याच्या खात्यात एका कामगाराने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू पाहाव्या, अशी ती कार्यक्षमता होती. एकाचे काम वाढावयाचे आणि दुसऱ्याचे जावयाचे. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. तेव्हापासून आपल्याकडील कामगाराच्या मनात बचत म्हणजे छाटणी असे समीकरण बसले असेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

परंतु नासाडीचा दुसराही एक विचार आहे, आणि गंमत अशी की त्याचा जन्मही मागाच्या खटखटाटातच झाला. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या एका सुताराच्या मुलाने मागात सुधारणा करण्यात आयुष्य घालविले. त्याच्या मागाचे वैशिष्ट्य असे की धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२४ साली त्याचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. त्यामागचा विचार साधा होता : तुटलेल्या धाग्यावर विणत राहून वारभर खराब कापड काढण्यापेक्षा तेथल्या तेथे थांबणे स्वस्त. ह्याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला. तेथे ताइची ओनो ह्यांनी, जे स्वतः आधी टोयोडांच्या कापडगिरणीत नोकरीस होते, हा विचार माणसाच्या कामाला लावला. चूक दिसताच दोरी ओढून सारी रांग थांबविण्याचा अधिकार तेथे साध्या कामगाराला मिळाला. ज्या कामाने मालात काहीच भर पडत नाही त्याला त्यांनी 'मुदा' म्हणजे निरर्थक म्हटले, आणि त्याचे सात प्रकार सांगितले.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नका. १९५० साली त्याच कारखान्यात कामगारकपातीवरून मोठा लढा झाला, आणि कंपनीचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा ह्यांना पद सोडावे लागले. पुढे १९६२ साली व्यवस्थापन आणि युनियन ह्यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. गेल्या वीसपंचवीस वर्षांत जगातील अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली आहे. सात प्रकारांची यादी उचलणे सोपे आहे. तिच्यामागचा विश्वास उचलणे अवघड आहे.

एका नळीचा प्रवास

ते सात प्रकार समजून घेण्यासाठी आपण रक्ताच्या एका नळीबरोबर चालू या. वॉर्डात परिचारिका रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधते, सुई टोचते, नळीत रक्त घेते. नळी ट्रेमध्ये जाते. मामा ट्रे घेऊन प्रयोगशाळेत येतात. तेथे नाव रजिस्टरात चढते, संगणकात चढते. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते, म्हणजे रक्तपेशी तळाशी बसतात आणि वरचे पिवळसर द्रव वेगळे होते. ते यंत्रावर तपासले जाते, आकडे येतात, डॉक्टर सही करतात, रिपोर्ट वॉर्डात पोचतो.

आता ह्या वाटेवरची नासाडी मोजा. पहिली, वाट पाहणे. सेंट्रिफ्यूज पूर्ण भरल्याशिवाय फिरवावयाचे नाही, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज असतो. वीज वाचते खरी, पण पहिली नळी शेवटच्या नळीची वाट पाहत राहते. रक्त म्हणजे काही पाणी नव्हे. नळीतही पेशी जिवंत असतात आणि साखर खात असतात. न वेगळ्या केलेल्या रक्तात साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. म्हणजे ट्रे दोन तास पडून राहिला तर मधुमेह्याचा आकडा निरोगी माणसाचा वाटू शकतो. वाट पाहण्यात येथे वेळेबरोबर सत्यही वाया जाते.

दुसरी, नळीची वाहतूक. आणि तिसरी, माणसाची पायपीट. समजा, सेंट्रिफ्यूज आणि तपासणीचे यंत्र ह्यांत तीस पावलांचे अंतर आहे. जाऊन येऊन साठ पावले. दिवसात शंभर खेपा झाल्या तर सहा हजार पावले, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर. हे अंतर त्या टेक्निशियनच्या नोकरीत कोठेही लिहिलेले नाही. टेबल भलत्या भिंतीला लावले म्हणून ते चालावे लागते. चौथी, साठा. रसायनांच्या किटा एकदम मागविल्या, नव्या पुढे ठेवल्या, जुन्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात गेल्या, आणि एके दिवशी मुदत उलटून गेल्यावर सापडल्या. जिची मुदत आधी संपते ती आधी वापरावी, हा नियम आपल्या घरातील गृहिणी पिठाच्या डब्यांनाही लावते.

पाचवी, नको तेवढे काम. तेच नाव चिठ्ठीवर, रजिस्टरात, संगणकात आणि पुन्हा रिपोर्टवर लिहावयाचे. हाताने नाव उतरविण्याची प्रत्येक खेप ही चुकीला दिलेली एक संधी आहे. सहावी, नको असलेली चाचणी. परवा केलेली तपासणी मागचा कागद सापडत नाही म्हणून आज पुन्हा करावयाची. एका आकड्याची गरज असताना बारा आकड्यांचा संच मागवावयाचा. आणि सातवी, सर्वांत महाग अशी, बिघडलेला नमुना. त्याचा अर्थ आतापर्यंतचे सारे श्रम पाण्यात आणि रुग्णाला पुन्हा सुई.

चूक कोठे होते?

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. रिपोर्ट चुकला की सामान्य माणूस यंत्राला किंवा टेक्निशियनला दोष देतो. इटलीतील पादुआ येथे मारिओ प्लेबानी आणि पाओलो काररारो ह्यांनी तातडीच्या तपासण्यांच्या प्रयोगशाळेतील चुका मोजल्या आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४०,४९० तपासण्यांत त्यांना १८९ चुका सापडल्या. त्यांतील ६८.२ टक्के चुका प्रत्यक्ष तपासणीच्या आधीच्या होत्या : रक्त घेताना, नाव लिहिताना, नळी आणताना झालेल्या. तपासणी चालू असतानाच्या चुका १३.३ टक्के, आणि नंतरच्या, म्हणजे रिपोर्ट पोचविण्यातील वगैरे, १८.५ टक्के. दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांनी पुन्हा मोजणी प्रसिद्ध केली. तेव्हाही ६१.९ टक्के चुका आधीच्याच निघाल्या. तात्पर्य, लाखो रुपयांचे यंत्र आणून जो भाग सुधारावयाचा, तो बहुतांशी सुधारलेलाच असतो. बिघाड असतो तो सुई, नळी, चिठ्ठी आणि जिना ह्यांच्यामध्ये.

एकच उदाहरण घेऊ. रक्तातील लाल पेशींत पोटॅशियम भरपूर असते, बाहेरच्या द्रवातील पोटॅशियमच्या वीसपटीहून अधिक. रक्त फार बारीक सुईतून जोराने ओढले, किंवा सिरिंजचा दट्ट्या दाबून नळीत सोडले, किंवा नळी हलक्या हाताने उलटीपालटी करण्याऐवजी खळखळ हलविली, की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. आकडा खोटाच चढतो. पोटॅशियमचा आकडा हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचा, म्हणून वॉर्डात धावाधाव होते आणि पुन्हा रक्त घेतात. नळ्यांच्या रंगीत टोपणांचेही असेच आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे जे औषध असते त्यातच पोटॅशियम असते. त्या नळीतील थेंब चुकून दुसऱ्या नळीत गेला की पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम खोटेच घटते. निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग औषध हे प्रमाण असते. नळी रेघेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा काळ चुकीचा येतो. ही सारी माहिती पाच मिनिटांत शिकविता येते. परंतु पुष्कळ ठिकाणी तिच्याऐवजी मेमो दिला जातो.

नासाडी शोधावी कशी?

ह्यासाठी मोठे तज्ज्ञ लागत नाहीत. एक घड्याळ, एक पेन्सिल आणि एक कागद पुरे. एका नळीमागे तिच्या जन्मापासून रिपोर्टपर्यंत चालावे, आणि प्रत्येक टप्प्याची वेळ टिपावी. जेव्हा नळीवर कोणी काम करीत असेल ती वेळ एका रकान्यात. जेव्हा ती नुसती पडून असेल ती दुसऱ्या रकान्यात. शेवटी दोन्ही रकान्यांच्या बेरजा कराव्या. दुसऱ्या रकान्याची बेरीज पाहून भलेभले गप्प होतात. मग खोलीचा नकाशा काढून एका माणसाच्या तासाभरातील फेऱ्या त्यावर रेघांनी दाखवाव्या. नकाशावर सुताचा गुंता दिसला की टेबले कोठे हलवावयाची हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरे साधन म्हणजे परत पाठविलेल्या नमुन्यांचे रजिस्टर. त्यात कारण, वॉर्ड आणि वेळ लिहावी. माणसाचे नाव लिहू नये. हा माझा हट्ट आहे आणि त्यामागे अनुभव आहे. एका रुग्णालयात, त्याचे नाव येथे नको, बिघडलेल्या नमुन्यांबद्दल परिचारिकांना एकामागून एक मेमो मिळत होते. प्रकरण संघटनेकडे आले. आम्ही म्हटले, शिक्षा नंतर ठरवा, आधी महिनाभर वेळ लिहून ठेवा. महिन्याने पाहतो तो बिघडलेले बहुतेक नमुने एकाच मजल्यावरचे आणि पहाटेचे. त्या मजल्याला एकच मामा. पहाटे घेतलेले रक्त न्याहारीच्या गाड्या लागेपर्यंत टेबलावर पडून राही, कारण मामांना दोन्ही कामे होती. शिवाय आपोआप रक्त ओढणाऱ्या नळ्या होत्या, पण त्यांना लागणारे होल्डर संपलेले. म्हणून परिचारिका सिरिंजने रक्त काढून दाबून भरीत. दोष हाताचा नव्हता. पहाटेची एक खेप वाढली, होल्डर आले, आणि रजिस्टरातील त्या मजल्याच्या नोंदी विरळ झाल्या. मेमोंचा विषय आपोआप मिटला.

रजिस्टरात नाव लिहिले असते तर काय झाले असते? नमुना बिघडल्याचे कोणी लिहिलेच नसते. ज्या चुकीची शिक्षा होते ती लपविली जाते, आणि लपविलेली चूक रुग्णाच्या कागदावर आकडा होऊन बसते.

जी नासाडी नव्हे ती

आता दुसरी बाजू. नासाडी कमी करण्याच्या उत्साहात जे मुळीच वाया जात नाही त्यावरच अनेकदा कात्री चालते. रोज सकाळी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना यंत्रावर तपासतात. त्याला कंट्रोल म्हणतात. हिशेबनीसाला वाटते, रसायन फुकट गेले. कोणत्याही रुग्णाचा रिपोर्ट त्यातून निघाला नाही. वास्तविक तराजू खरा आहे की नाही हे पाहण्याचे ते वजन आहे. ते काढून टाकले तर उरलेले सारे तोलणे व्यर्थ. रुग्णाला पुन्हा एकदा पूर्ण नाव विचारणे ही दिरंगाई नव्हे. हातमोजे ही चैन नव्हे. आणि रात्रपाळीच्या माणसाने मध्ये पंधरा मिनिटे पाठ टेकणे ही कामचुकारी नव्हे, कारण थकलेल्या डोळ्यांना सहा आणि आठ सारखेच दिसतात.

खरी काटकसर कशी असते ह्याचे उदाहरण कॅनडातून देतो. तेथील २५ अतिदक्षता विभागांत नेहमीच्या नळ्यांऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या लहान नळ्या वापरून पाहिल्या. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. आधी ठरविलेल्या मुख्य हिशेबात रक्त चढविण्यातील फरक निर्णायक ठरला नाही. परंतु प्रयोगातील सर्व रुग्ण एकत्र धरून केलेल्या हिशेबात दर शंभर रुग्णांमागे सुमारे दहा पिशव्या रक्त कमी लागले. आणि रक्त अपुरे पडल्याने तपासणी अडली, असे क्वचितच घडले. नळीतील उरलेले रक्त शेवटी टाकूनच द्यावयाचे असते. ते रुग्णाच्या अंगात राहिले, एवढाच ह्या काटकसरीचा अर्थ.

केराच्या बादलीविषयीही दोन शब्द. ती डोळ्यांना दिसणारी नासाडी आहे, पण लहान नव्हे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली अंदाज केला की जीवशास्त्र, वैद्यक आणि शेती ह्या विषयांच्या जगभरच्या प्रयोगशाळांतून २०१४ साली सुमारे ५५ लाख टन प्लॅस्टिकचा कचरा निघाला असावा. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी रुग्णालयातील कचऱ्यासाठी रंग ठरवून दिले आहेत : जाळावयाच्या वस्तूंना पिवळा, निर्जंतुक करून पुन्हा उपयोगात आणावयाच्या प्लॅस्टिकला लाल, सुया व पाती ह्यांना पांढरे न टोचणारे डबे, काचेला निळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा साधा, निरुपद्रवी असतो. पण सुईचे कागदी वेष्टन रक्ताळलेल्या कापसात टाकले की तेही धोक्याचे होते आणि जाळावे लागते. आणि सुई भलत्या पिशवीत गेली तर ती सफाई कामगाराच्या तळहातात शिरते. योग्य रंगाचा डबा हाताच्या अंतरावर ठेवणे ही म्हणूनच कामगारांची मागणी असावयास हवी.

वाचलेले मिनिट कोणाचे?

सगळ्याचा निकाल लागतो तो ह्या प्रश्नावर. टेक्निशियनने सांगितले की टेबल हलविले तर तासभर वाचेल, आणि पुढच्या महिन्यात त्याच तासाच्या बळावर त्याच्या सोबत्याची जागा रद्द झाली, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही उघडले नसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की अशी मोहीम हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी करारात लेखी याव्यात. बचतीमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. चुकांच्या रजिस्टराचा उपयोग शिक्षेसाठी होणार नाही. वाचलेला वेळ प्रथम शिक्षण, विश्रांती आणि रुग्ण ह्यांच्याकडे जाईल. आणि कंट्रोलचा आकडा चुकला तर रिपोर्ट रोखून धरण्याचा अधिकार टेक्निशियनला राहील, मग वरून कितीही घाई असो. तुटल्या धाग्यावर माग थांबतो. माणसालाही तेवढी मुभा असली पाहिजे.

आपण नागरिकांनीही काही करण्यासारखे आहे. रक्त देताना आपले पूर्ण नाव आपणच सांगावे आणि नळीवरचे नाव पाहावे. मूठ पुन्हा पुन्हा आवळू नये. त्यानेही पोटॅशियम वाढते. उपाशीपोटी यावयास सांगितले असेल तर चहासुद्धा घेऊ नये. मागचे रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवावे, आणि "डॉक्टरसाहेब, ही तपासणी गेल्याच महिन्यात झाली आहे, पुन्हा लागेल का?" असे नम्रपणे विचारावे. त्याचप्रमाणे नगरपालिकेच्या दवाखान्याविषयी सभेत बोलण्याची संधी मिळेल तेव्हा नवे यंत्र कधी येणार एवढेच विचारू नये. किती नमुने परत गेले, का गेले, आणि वॉर्डापासून प्रयोगशाळेपर्यंत ट्रे नेणारी माणसे किती आहेत, हेही विचारावे. ह्या प्रश्नांची उत्तरे मागणारे लोक असले, तर ती देऊ शकणारी माणसे प्रत्येक रुग्णालयात आहेत. ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत काम करतात.